गोसावी

पानं पहाटेच उलटून बघावी लागतात.
दव सुकलं की खालची पांढरी बुरशीही जाते,
उरतो नुसता पिवळा पट्टा,
त्याला कुणीही खताची कमतरता म्हणेल.
म्हणून येवल्याहून साडेचारला निघायचं,
ममदापूरच्या बांधाला स्कूटी टेकवायची,
आणि मोबाइलच्या उजेडात वाकून
ओळीतली शंभर ताटं मोजायची.
लांब माळावर काळवीटं उभी असतात,
त्यांना वाटत असावं, हिचं काहीतरी हरवलंय.

माझ्या तक्त्यात रकाने तीनच :
निरोगी. केवडा. गोसावी.

केवडा म्हणजे पान पिवळं,
खालून पिठाचा हात लागल्यासारखं.
नाव ठेवणाऱ्याने रंग पाहिला असेल,
वास घ्यायला थांबला नसेल.
गोसावी त्याच्या पुढचा.
कणीस वेळेवर निसवतं,
पण दाणा भरायच्या जागी पानं फुटतात,
बारीक, पिळलेली, एकीतून दुसरी,
बघता बघता कणसाच्या जटा होतात.
ताट मरत नाही.
शेजारची पिकून वाळली तरी
हे आपलं हिरवंच,
संसार सोडल्यासारखं.

"किती निघाले गोसावी?"
ठकूबाई बांधावरून विचारते.
"शंभरात अकरा."
"उपटून जाळायचे. गोसावी रानात ठेवू नये,
शेजारच्यालाबी नादी लावतो."
आणि मग जीभ चावते.
चौथीपर्यंत शिकलीय ती,
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तिने आत्ताच वाचलंय :
रेवती हिरागीर गोसावी.

मी हसते. सवय आहे.
कृषी महाविद्यालयात सरांनी फळ्यावर रोगाचं नाव लिहिलं
तेव्हा अख्खा वर्ग मागे वळला होता,
आणि वर्षभर कुणी ना कुणी विचारायचं,
तुझ्यावर फवारणी कोणती गं.

आमच्यात जाळत नाहीत.
आजोबांना बसवलं होतं,
मांडी घालून, पाठ ताठ,
भोवती मीठ, गळ्यापर्यंत मीठ,
पोती रिकामी होत होती आणि काका झटकत होते.
मी सात वर्षांची.
मला वाटलं, मुरायला ठेवतायत,
पुढच्या उन्हाळ्यात काढतील.

हे ठकूबाईला कशाला सांगू.
तिला सांगते ते कामाचं :
जटा वाळायच्या आत उपटा,
वाळल्या की फाटतात, फाटल्या की भुकटी सांडते,
डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक,
तिचा कण न् कण जाड सालीचा.
तो मातीत बसून राहतो,
खात नाही, वाढत नाही, कुजत नाही,
बाजरीचं कोवळं मूळ जवळून जाईपर्यंत.

"किती दिवस?"
"वर्षं. पाच. काही म्हणतात दहा."
"नुसता बसून?"
"नुसता बसून."

ती पायाखाली बघते.
एक पाऊल मागे सरकते, चप्पल काढायची राहिली असावी तशी.
"मग तपच की गं ते," म्हणते.
आणि लगेच, "पण माझ्याच वावरात कशाला."

अकरा ताटं आम्ही दोघींनी उपटली,
हलक्या हाताने, पोत्यात घालून.
ओली होती, पेटेनात.
तिने गोवऱ्या आणल्या, रॉकेल नाही म्हणून डिझेल शिंपडलं,
तरी आधी नुसता धूर,
कच्च्या चाऱ्याचा गोडसर वास,
माझ्या ओढणीला तो सोमवारपर्यंत होता.

बारावं तिनेच शोधलं, विहिरीजवळ.
"हे ने. पोरांना दाखव. सगळेच जाळले तर
ओळखायचे कसे पुढं?"

रात्री नाशिकच्या खोलीत
वर्तमानपत्रात दाबलेलं ते ताट काढलं.
जाड कागदावर चिकटवलं, खाली चिठ्ठी.
पीक : बाजरी.
रोग : गोसावी.
गोळा करणार : गोसावी.
गाव, तारीख, शेताची दिशा.
शेऱ्याच्या रेघेवर पेन बराच वेळ थांबलं,
शेवटी दिसत होतं तेवढंच लिहिलं :
दाणा नाही. दाबूनही
अजून हिरवं.